विष्णुपुरीत साथ आली हो!

शिव शिव शिव, काय दिवस आले! फटफटायच्या आत विष्णुपुरीच्या रस्त्यावर चांगली नातवंडं असलेली माणसं घट्ट चड्ड्या घालून हिंडायला लागली. त्याही बुडाला गादी शिवलेल्या! लाज कुठं ठेवली म्हणावं? आणि सायकल मोटारसायकलीच्या किमतीची. तिला ना कॅरिअर, ना स्टँड. पोतं न्यायचं नाही, पोरगं बसवायचं नाही, मग आणली कशाला? तर म्हणे घाम गाळायला. अहो, नांदेडात घाम विकत घ्यावा लागतो का? मे महिन्यात नुसतं ओट्यावर बसा की!

खापर तरी कुणावर फोडायचं? औषध देणाऱ्यांनाच आधी लागण झाली. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, २०१५ साली आळीपाळीने सायकल हाणत नऊ दिवसांच्या आत अख्खी अमेरिका ओलांडून आले. सुमारे ४८०० किलोमीटर! २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तेच एकट्याने केलं, बारा दिवसांच्या मुदतीत. झालं! आणि आपलं सरकारी मेडिकल कॉलेज कुठं? विष्णुपुरीतच. मग काय, आपलं काही खरं नाही.

आता तर ‘ब्रेव्हे’चं, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला सायकलने गाठायचं खूळ. नियम थेट पॅरिसच्या क्लबाचे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, वाटेत कार्डावर शिक्के. जिंकतो कोण? कुणीच नाही! पहिला नंबर नाही, बक्षीस नाही. मेडल हवं? पैसे मोजा आणि घ्या!

पण हे फ्रेंचांनाच सुचायचं. पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकणारा आंकतील त्यांच्या घरचा, आणि जीव कुणावर? रेमों पुलिदोरवर! गडी १४ वेळा उतरला, आठदा पहिल्या तिघांत आला, पण आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी एक दिवसही अंगाला लागली नाही. लोकांनी त्यालाच डोक्यावर घेतलं. निवृत्तीनंतर तर कहरच. त्याच जर्सीच्या प्रायोजक बँकेने पुलिदोरला पिवळा शर्ट चढवला, आणि हे महाशय म्हातारपणी टूरभर तो मिरवत सह्या देत फिरले! जिंकणाऱ्यांनी कुठं तोंड लपवावं? (आपल्याला मात्र हा माणूस भारी आवडला, खोटं कशाला बोला.)

आपल्याकडचे भक्त काय कमी आहेत? लोह्याकडून घामाघूम येतात, चहाच्या टपरीवर सायकल तान्ह्या लेकरापेक्षा जपून टेकवतात, आणि चहाआधी मोबाइल बघतात. आकडा ६९.७. तोंड एवढंसं! मग चहा तसाच ठेवून सत्तर भरेपर्यंत टपरीभोवती घिरट्या. चहावाला बघतोय, कुत्री बघताहेत, यांना कशाचं काही नाही.

बायकोला सायकलची किंमत निम्मीच सांगायची, हेही आता सगळ्यांना पाठ झालंय. तुम्ही कशाला हसता? माळ्यावर सतरंजीखाली दडवलेलं ते हेल्मेट कुणाचं? शेजाऱ्याचं? बरं बरं. मग त्याचा पट्टा नेमका तुमच्याच हनुवटीच्या मापाचा कसा हो?