चार महिन्यांचे चाकरमानी

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातलं वॉटरलू विद्यापीठ १९५७ साली सुरू झालं. पहिल्या तुकडीत ७४ मुलं होती आणि त्यांनाही काही काळ वर्ग, काही काळ कारखाना अशा पाळ्या लावलेल्या होत्या. आज ही पाळी चार महिन्यांची आहे. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी पाच वर्षांत आठ सत्रं शिकतो आणि मधल्या सहा सत्रांत पगारी नोकऱ्या करतो. या पद्धतीला तिथे को-ऑप म्हणतात. काही जणांच्या वाट्याला ‘स्ट्रीम फोर’ येतो, म्हणजे सप्टेंबरात प्रवेश आणि जानेवारीत नोकरी. लेक्चर हॉलची वाट नीट पाठ व्हायच्या आत बायोडेटा तयार हवा.

असाच एक नवखा सप्टेंबरच्या शेवटी भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसला होता. इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी. दहावी ठाण्याला, बारावी मिसिसागाला. समोर एक मुरलेली बसली होती. ती मूळची चिंचवडची, पाच नोकऱ्या करून शेवटच्या वर्षाला आलेली. ओळखीच्या ओळखीतून ती ‘जरा बायोडेटा बघायला’ आली होती.

“मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर,” तिने वाचलं. “आळशी, लबाड आणि भांडखोर असं लिहिणारा कोणी पाहिलायस?”

“नाही.”

“मग हे खोडून टाक. कुणीच नाकारत नाही ते लिहून काय उपयोग? हे काय, ‘मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात डेकोरेशन समितीचा सदस्य’. नक्की काय केलंस?”

“माळा लावल्या.”

“आणि?”

“आणि काय, आरतीच्या वेळी दिवे गेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण दोष माळांचा नव्हता, ताई. चहाचं मोठं इलेक्ट्रिक भांडं आणि जेवण गरम ठेवायचे ट्रे एकाच सर्किटवर लावले होते. भांडं १५०० वॅटचं, ट्रे हजाराचे. ब्रेकर १५ अँपियरचा. १२० व्होल्टने गुणलं की १८००. तो पडणारच! मी कॉरिडॉरमधल्या दुसऱ्या सर्किटवरून जाड वायरची कॉर्ड ओढली आणि ट्रे तिकडे हलवले.”

“परत पडला?”

“नाही. दुसऱ्या दिवशी तर चहा दुप्पट झाला.”

मुरलेलीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “अडचण काय होती, तुझ्यावर काय आलं, तू काय केलंस, त्यातून काय झालं. या चार पायऱ्यांना इथे ‘स्टार’ म्हणतात आणि मुलाखतीचे निम्मे प्रश्न यावरच असतात. तू वॅट मोजलेस, भार विभागलास, उत्सव पार पाडलास, आणि लिहिलंस काय, तर सदस्य!”

“म्हणजे बायोडेटात चहा लिहायचा?”

“आकडे लिही. चहा मुलाखतीत सांग. त्यांना तोच लक्षात राहील.”

नवख्याला हुरूप आला. त्याने वॉटरलूवर्क्स उघडलं. विद्यापीठाच्या या संकेतस्थळावर नोकऱ्यांच्या जाहिराती लागतात आणि अर्जही तिथूनच जातात. त्याने पहिलाच शोध घेतला तो कॅलिफोर्नियाचा.

“पहिल्याच टर्मला?” मुरलेली म्हणाली. “पहिल्या खेपेला बहुतेकांच्या वाट्याला टेस्टिंग येतं, नाहीतर हेल्पडेस्क, नाहीतर एक्सेल. पुढच्या नोकऱ्या त्यावरच मिळतात.”

“ब्लॅकबेरीवाला माइक लझारिडिस इथलाच ना? त्याने तर पदवीसुद्धा घेतली नाही.”

“१९८४ साली त्याने कॉलेज सोडलं ते पदवीला दोन महिने राहिले असताना. आणि हातात जनरल मोटर्सचं कंत्राट होतं. तुझ्या हातात काय आहे?”

नवख्याने हाताकडे पाहिलं. हातात खाकरा होता.

एवढ्यात मिसिसागाहून वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. हे गृहस्थ म्हणजे अनुभवी. पुण्यात इंजिनिअर झालेले आणि सल्ल्याच्या बाबतीत कायम हात सैल असलेले.

“टाय आहे ना? फाइल ने. आत शिरताना गुड मॉर्निंग सर म्हण.”

“बाबा, मुलाखत बहुतेक व्हिडिओवर होईल.”

“मग टाय दिसेल असा बस. आणि मला एक सांगा, हे फीच्या पावतीत ‘को-ऑप फी’ काय आहे? नोकरी करायला आपण पैसे भरायचे?”

“काका, ती फी सल्लागारांची, या सगळ्या यंत्रणेची,” मुरलेली म्हणाली. “पगार कंपनी देते.”

“आणि फी भरली की नोकरी नक्की?”

“नक्की काहीच नाही. अर्ज करायचा, स्पर्धा करायची.”

“वा! आमच्या वेळी इनप्लांट ट्रेनिंग होतं. भोसरीच्या कारखान्यात पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी सर्टिफिकेट हातात.”

“तिथे काय केलंत, काका?”

“पाहिलं.”

क्षणभर कोणी बोललं नाही. मग अनुभवींनी बाजू बदलली. “पण अठरा वर्षांच्या पोराला कंपनी पगार कशाला देईल? यात काहीतरी गोम आहे.”

“आहे ना. ऑन्टॅरिओ सरकार कंपनीला करात सवलत देतं. को-ऑपच्या विद्यार्थ्यावरच्या खर्चाच्या पंचवीस ते तीस टक्के, एका नोकरीमागे जास्तीत जास्त ३००० डॉलर. शिवाय चार महिने पोरगा पारखून घेता येतो. आवडला तर पुढे कायमचा, नाहीतर टर्म संपली, राम राम.”

“हे नवीन फॅड दिसतंय.”

“१९०६चं आहे, काका. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी मुलांच्या जोड्या लावल्या. या आठवड्यात एक वर्गात आणि दुसरा कारखान्यात, पुढच्या आठवड्यात उलट. म्हणजे यंत्रापुढची जागा कधी रिकामी नाही आणि बाकही रिकामं नाही. विश्वस्तांनी परवानगी दिली ती फक्त एका वर्षाची, आणि वर स्पष्ट केलं की फसलं तर जबाबदारी आमची नाही.”

“हे विश्वस्त मात्र आपल्याकडचे वाटतात,” अनुभवी खूश झाले.

पुढचे दोन आठवडे मुलाखतीच्या तालमीत गेले. मुरलेली खुर्चीत बसून भुवया चढवायची आणि नवखा घाम पुसत उत्तरं द्यायचा. एकदा ती मध्येच उठली, त्याच्या खोलीत डोकावली, हीटरला हात लावून आली आणि म्हणाली, “चालू ठेव, ऐकतेय.”

“तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?” तिने विचारलं.

“मी फार जास्त काम करतो.”

“हे ऐकून मुलाखत घेणारा फार कमी काम करायला लागतो. खरा दोष सांग आणि त्यावर काय करतोयस ते सांग.”

“मी काम शेवटच्या रात्रीपर्यंत ढकलतो. आता असाइनमेंट मिळाली त्याच दिवशी पहिलं गणित सोडवून ठेवतो.”

“हे चालेल. आता शेवटचा प्रश्न. तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?”

“जेवणाची सुट्टी किती वेळ असते?”

मुरलेलीने डोळे मिटून घेतले. “विचार की, मागच्या टर्मच्या विद्यार्थ्याने काय केलं आणि कुठलं काम अर्धवट राहिलं. त्यावरून कळतं की तुला खरं काम देणार आहेत की नुसती खुर्ची.”

तीन मुलाखती झाल्या. चहाचं भांडं तिन्ही ठिकाणी गेलं. मग आली रँकिंगची वेळ, आणि अनुभवींना पुन्हा कॉलवर घ्यावं लागलं.

“कंपनी मुलांना क्रमांक देते,” नवखा सांगू लागला. “मुलं कंपन्यांना देतात. कंपनीचा एक आणि आपला एक, बेरीज दोन. ज्या जोडीची बेरीज सर्वांत कमी, ती संगणक आधी जुळवतो.”

“म्हणजे पत्रिका जुळवणं! फक्त इथे गुण कमी लागतात.”

“आणि जुळल्यावर नाही म्हणता येत नाही,” मुरलेलीने पुस्ती जोडली. “म्हणून जिथे जायचंच नाही तिथे क्रमांक द्यायचा नाही.”

“मुलीकडचे कोण, आपण की कंपनी?”

“बाबा!”

निकाल लागला. कॅलिफोर्निया बाजूलाच राहिलं. नवख्याची जोडी जुळली ती ओकव्हिलमधल्या एका छोट्या कारखान्याशी. काम कंट्रोल पॅनल तपासण्याचं. ओकव्हिल म्हणजे मिसिसागाच्या अगदी शेजारी.

“घरचा डबा!” अनुभवी फोनवर ओरडले. “मी रोज सोडतो तुला.”

नवख्याचं तोंड उतरलं. मुरलेलीने मात्र वही काढायला लावली.

“लिहून घे. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला विचार, टर्मच्या शेवटी तुम्ही माझं मूल्यमापन कशावर करणार? तो शेरा पुढच्या कंपन्यांना दिसतो. ‘आउटस्टँडिंग’ मिळाला तर पुढचा अर्ज आपोआप जड होतो. दुसरं, अडलास तर अर्धा तास स्वतः झगड. काय काय करून पाहिलं ते लिही आणि मग उठून विचार.”

“लगेच विचारलं तर ढ वाटेन.”

“आणि न विचारता बसलास तर? माझ्या शेजारी एक मुलगा होता. एका एररपुढे दोन दिवस गप्प बसला. मॅनेजरला वाटलं याचं काम झालं, म्हणून त्याने आणखी काम दिलं.”

“तिसरं?”

“दर शुक्रवारी चार ओळी लिहायच्या. किती पॅनल तपासली, कुठला दोष सापडला, कोणाचा वेळ वाचला. वर्क रिपोर्ट लिहायला त्या लागतात आणि पुढचा बायोडेटाही त्यातूनच निघतो. आणि टर्म अर्धी झाली की मॅनेजरलाच विचार, माझं काय चुकतंय? एप्रिलमध्ये कळून उपयोग नाही.”

नवख्याने सगळं उतरवून घेतलं. खाली रेघ मारली. “ताई, तुझे उपकार कसे फेडू?”

“मिसिसागाला राहणार म्हणजे जानेवारी ते एप्रिल तुझी इथली खोली रिकामी,” मुरलेली म्हणाली. “मला शेवटच्या सत्राला जागा हवीच आहे. भाडं किती म्हणालास?”

“ताई, त्या दिवशी तू हीटरला हात लावत होतीस तो...”

पण तिने फोन स्वतःकडे वळवला होता. “काका, भाड्यात विजेचं बिल धरलंय का हो?”

“ते वेगळं,” अनुभवी म्हणाले. “आणि डिपॉझिट आधी.”