मेंटेनर : अस्मादिक

रेसिपीत ‘मेंटेनर’ म्हणून एक ओळ घालता येते. बाकीच्या ओळी मशीनसाठी, ही माझ्यासाठी. आमच्या बोर्डांकरता योक्टोत (लिनक्स बांधायचं साधन, त्यात पॅकेजच्या कृतीला रेसिपी म्हणतात) मेमटेस्ट८६ प्लस हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम पॅकेज करायचं ठरलं, तेव्हा मी आधी तीच भरली. मग उरलेल्या फाइलीत काय लिहायचं याचा विचार सुरू केला.

मूळ मेमटेस्ट८६ ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिला. ‘प्लस’ शाखा २००४ पासून सॅम्युएल डेम्युलेमीस्टर यांनी वाढवली. २०२२ची सहावी आवृत्ती मार्टिन व्हिटेकर यांच्या पीसीमेमटेस्टच्या पायावर नव्यानं उभी राहिली. यात माझं काय? सोर्स कुठून आणायचा, चेकसम काय, बायनरी कुठे ठेवायची, एवढंच. स्वयंपाक दुसऱ्यांचा, मी डब्यावर नाव कोरून घेतलं. तरी घरी मात्र ‘मी मेमरी टेस्टर बनवतोय’ असंच सांगितलं.

रेसिपी वाचून बिल्ड करणारा बिटबेक असल्या थापांना भुलत नाही. लायसन्सच्या मजकुरात एक स्वल्पविराम हलला, तरी एमडी५ जुळत नाही आणि बिल्ड अडतं. फाइल इन्स्टॉल केली पण कुठल्या पॅकेजात जाणार ते सांगितलं नाही, तर ‘इन्स्टॉल्ड, बट नॉट शिप्ड’ म्हणून बोंब. आमच्याकडच्या बऱ्याच फीचर्सचं वर्णन याहून नेमकं कुणी केलेलं नाही.

मेमटेस्ट लिनक्सऐवजी बूट होतो. ऑपरेटिंग सिस्टिम आडवी येत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळी मेमरी त्याच्या ताब्यात. स्वतः बसलाय ती जागासुद्धा तो दुसरीकडे सरकून तपासतो. खुर्ची सोडून खुर्चीचीच चौकशी करणारा दुसरा कुणी माझ्या पाहण्यात नाही.

मेमरी चुकली की काय होतं हे सांगताना मला बेल्जियमला गेल्याशिवाय राहवत नाही. (मी प्रत्येक मिटिंगमध्ये जातो, सहकारी तेवढ्यात चहा पिऊन येतात.) १८ मे २००३. ब्रसेल्समधलं स्कारबेक, संगणकावर मतदान. एका उमेदवाराला पडणं शक्यच नाही इतकी मतं पडली. फेरमोजणीत जादा मतं निघाली बरोबर ४०९६! म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच बिट उलटलेला. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडेना, तेव्हा संशय थेट अंतराळातून आलेल्या कणावर गेला. त्याच्याही आधी, १९७०च्या दशकाच्या अखेरीस, इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी दाखवलं होतं, की चिपच्या वेष्टनातल्याच युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघालेले अल्फा कण बिट उलटवतात. म्हणजे खोट पॅकेजिंगमध्येच! पॅकेजिंग करणाऱ्या माणसाला हे सांगताना ज्या उकळ्या फुटतात, त्या चहावाल्यांना काय कळणार?

असा उडता कण मेमटेस्टला सापडत नाही. त्यासाठी चुका स्वतःच पकडणारी ईसीसी मेमरी हवी, ती महाग. मेमटेस्टला सापडतो तो मुळातच कच्चा बिट. आणि माझा खरा त्रागा त्या कच्च्या बिटाबद्दल आहे. स्कारबेकची चूक पकडली गेली, कारण ती अवाढव्य होती. आमचे बोर्ड जातात दूध संकलन केंद्रावर. तिथं फॅट ४.२ चं ४.० झालं, तर कोण बघतं? बेचाळीस आणि चाळीस यांत फरक एकाच बिटाचा. दर कमी लागतो, आणि वर दूध घालणाऱ्या मावशींना विचारलं जातं, “मावशी, आज पाणी जास्त पडलं का दुधात?” मावशी शपथा घेतात. मशीनला कुणी शपथ घालत नाही.

प्रॉडक्शनच्या साहेबांना हे पटतं. वेळ पटत नाही. मेमटेस्टमधली बिट फेड चाचणी मेमरीत लिहून पाच मिनिटं नुसती थांबते, मग वाचून बघते. फॅक्टरीत कुणी नुसतं थांबलेलं साहेबांना बघवत नाही. “बोर्ड चालू होतोय ना? मग झालं की!” शेवटी तडजोड झाली. बूट मेनूत पहिली ओळ लिनक्सची, दुसरी मेमटेस्टची, आणि तीन सेकंदांत आपोआप पहिली. माझं पॅकेज प्रत्येक बोर्डातून गावोगाव जातं आणि कुणीही चालवत नाही.

म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मी एक वाक्य घातलंय : ‘फॅटबद्दल तक्रार आल्यास आधी मेमरी तपासावी, मग मावशींना.’ डेअरीवाल्यांना झोंबेल, काढून टाका, असा निरोप आला आहे. मी ठाम आहे. निदान सोमवारच्या मिटिंगपर्यंत तरी.