औषधांची बारशी करणाऱ्या महाशयांस



तुमच्या कारागिरीला तोड नाही. बाजारात चाललेलं एखादं नाव घ्यायचं, त्यातली दोन अक्षरं इकडची तिकडे करायची, खोक्याला तोच रंग फासायचा, की झालं नवं औषध!

अंधेरीत मुख्यालय असलेल्या ग्लेनमार्कचं ‘कॅन्डिड-बी’ हे बुरशीवरचं मलम. तुमच्याच एका भाईबंदाने त्याच्या शेजारी ‘क्लोडिड-बीडी’ आणून ठेवलं. रंग तोच, अक्षरांचं वळणही तेच. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला दीड कोटी रुपये भरायला लावले. ते केरळच्या मदतनिधीला गेले. औषधं म्हणजे मिठाई नव्हे, हे न्यायमूर्ती काथावाला यांना निकालात लिहावं लागलं. एवढीही अक्कल तुम्हाला न्यायालयाने द्यायची?

त्याआधी, २००१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ उभे होते. दोन्ही मेंदूच्या मलेरियावरची, दोघांनीही फाल्सिपेरम या जंतूचं अर्धं नाव उचललेलं. पण एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. औषधांच्या नावांना इतर मालापेक्षा कडक कसोटी लावा, कारण इथला घोटाळा जिवावर बेततो, असं न्यायालयाने तेव्हाच बजावलं.

शास्त्रीय नावं मुळातच घोळात टाकतात. हायड्रॉक्सिझिन खाजेवर, हायड्रॅलाझिन रक्तदाबावर. अमेरिकेत अशा जोड्यांमधली वेगळी अक्षरं मोठी छापतात, म्हणजे फरक डोळ्यांत भरावा. तुम्ही तो फरक झाकायला चित्रकार नेमता.

नोव्हेंबर २०१९ पासून नियम आहे: आपलं नाव दुसऱ्या कुठल्या औषधाशी मिळतंजुळतं नाही, असं हमीपत्र कंपनीने द्यायचं. आणि ते लिहिणार कोण? तुम्हीच!

एकदा संध्याकाळी घाटकोपर स्टेशनबाहेरच्या मेडिकलसमोर उभे राहा. काउंटरवर गर्दी, मागे रिक्षांचे भोंगे. म्हातारे आजोबा चिठ्ठी घरी विसरलेत आणि सूनबाई फोनवरून नाव सांगतेय. ते नाव त्यांच्या कानावर पडतं, त्यांच्याकडून दुकानातल्या पोऱ्याच्या कानावर, आणि पोऱ्याचा हात फळीकडे जातो. त्या हातात काय येईल हे तुम्ही वातानुकूलित खोलीत आधीच ठरवून ठेवलेलं असतं. चूक मात्र पोऱ्याच्या नावावर जाते, नाहीतर आजोबांच्या कानांवर.

पुढचं नाव ठरवाल तेव्हा ते याच गर्दीत, फोनवरून, कवळी काढलेल्या माणसाच्या तोंडून उच्चारून घ्या. फळीवरून दुसरंच खोकं खाली आलं, तर त्या नावाचा कागद तिथेच फाडा.

एक ग्राहक,
बोरिवली