अडीचशे शब्दांतील कर्तबगारी
ब्रिटनच्या सनदी सेवेतील क्षमताधिष्ठित भरती, म्हणजे पूर्वी केलेल्या कामाचे दाखले मागून उमेदवार पारखण्याची पद्धत, २०१२ च्या आराखड्यात दहा क्षमतांवर उभी होती. पुढे ‘सक्सेस प्रोफाइल्स’ आल्या, क्षमतांची ‘वर्तने’ झाली, तरी बहुधा प्रत्येकी अडीचशे शब्दांत प्रसंग, जबाबदारी, कृती व फलित बसवून एक ते सातच्या गुणपट्टीला सामोरे जाण्याची कसरत सुटली नाही. उत्तरात ‘आम्ही’ नको, ‘मी’ हवा, असा सल्ला असल्याने ‘एकत्र काम करणे’ या वर्तनाचा पुरावाही एकट्याच्याच पराक्रमाने भरावा लागतो. वर्षानुवर्षे फायली बिनबोभाट मार्गी लावणाऱ्या कारकुनाकडे सांगण्याजोगे संकटच नसते. ज्याने आधी घोळ घातला आणि मग तो निस्तरला, त्याचा दाखला मात्र भरघोस उतरतो.