बेटावरचा मेंबर

ट्रिस्टन द कुन्हा हे दक्षिण अटलांटिकमधलं बेट. विमानतळ नाही. केप टाऊनहून बोटीत बसलं की आठवडाभर पाणीच पाणी. वस्ती अडीचशेही नाही आणि आडनावं बोटांवर मोजावी इतकी. अशा गावात हा मेंबर निवडून येतो.

प्रचाराला त्याला दारोदार हिंडावं लागत नाही. निम्मे मतदार त्याच्या रक्ताचे, उरलेले बायकोच्या. 'रस्ता दुरुस्त करू' म्हटलं तर 'कुठला?' असं कुणी विचारत नाही. गावापासून बटाट्याच्या वाफ्यांपर्यंत जाणारा रस्ता एकच आहे.

कौन्सिलात निवडलेले आठ, नेमलेले तीन, आणि वर ब्रिटननं पाठवलेला प्रशासक. एवढ्यात रुबाब करायचा तर पंचाईत. इथं कुणी कुणाहून वरचढ नाही, हे 1817 सालीच पहिल्या रहिवाशांनी कागदावर लिहून ठेवलंय. जमीन सगळ्यांची, म्हणून कुणी किती जनावरं पाळायची यालाही मर्यादा. हा बांधाशी उभा राहून घसा खाकरतो, "तुझी एक मेंढी जास्त दिसते."

"नाताळात ताटात होती तेव्हा नाही मोजलीस ती?"

मेंबर आभाळाकडे बघत वाऱ्याची चौकशी करतो.

त्याचं भाषणही ठरलेलं. 1961 साली ज्वालामुखी फुटला, अख्खं गाव इंग्लंडला हलवलं, तिथं सगळं सुख असून 1963 मध्ये माणसं परत आली! आवाज चढतो तोच समोरची म्हातारी म्हणते, "बस खाली. तू जन्मलाही नव्हतास, मी होते बोटीत."

एकदा सभेसाठी रात्रभर जागून त्यानं मुद्दे काढले. पहाटे गॅसच्या जुन्या नळकांड्यावर टोले पडले. समुद्र शांत, म्हणजे आज मासेमारी. बेटाचं पोट लॉब्स्टरवर, त्यामुळे मुद्दे उशीखाली ठेवून मेंबरही होडीत.

संध्याकाळी हाताला लॉब्स्टरचा वास घेऊन तो सभेत उभा राहिला. "मंडळी, पहिला विषय..."

"तो सकाळीच ठरला की, होडीत. तूच जाळं ओढताना 'हो' म्हणालास."

मेंबरनं क्षणभर आठवून पाहिलं. म्हणाला होता खरा. पण ते जाळ्याला.

इतिवृत्तात नोंद झाली: सविस्तर चर्चेअंती ठराव एकमतानं मंजूर.