एकट्याची फौज

आइसलँडमधून 2003 साली आलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हजारोंनी मिळून खेळायचा संगणकावरचा खेळ. मुरलेले खेळाडू मात्र एकाच वेळी अनेक खाती उघडून स्वतःशीच मिळून खेळतात: एका खिडकीत खाणकाम, दुसरीत मालवाहतूक, तिसरीत पहारा. वर्गणी अर्थातच प्रत्येक खात्याची वेगळी. एक कळ दाबून सगळी खाती हलवण्यावर खेळाच्या कंपनीने 2015 पासून बंदी घातली, तेव्हा घामही वेगवेगळाच.

हा गाडा ओढायचा घरातल्या म्हाताऱ्या संगणकाने. ‘नुसती रॅम वाढवू’ अशी सुरुवात होते. पण जुन्या डीडीआर-3 रॅमच्या खाचेत नवी डीडीआर-4 बसत नाही, म्हणून मदरबोर्ड. त्यावर जुना प्रोसेसर बसत नाही, म्हणून तोही. मग ग्राफिक्स कार्ड, मग त्याला पुरेल असा पॉवर सप्लाय. जुना उरतो तो कॅबिनेट. तोच दाखवून घरी सांगायचं, ‘नवा कुठे घेतला? आहे त्यालाच जरा ठाकठीक केलं!’