वसूलवीर

थीम पार्कमध्ये सर्वांत जास्त राबते कोण, असे विचारले तर लोक रोलर कोस्टरचे पट्टे आवळणाऱ्या पोराचे नाव घेतील, किंवा मे महिन्याच्या उन्हात अस्वलाचे मुंडके चढवून बाळगोपाळांशी हात मिळवणाऱ्या माणसाचे. त्या दोघांना निदान पाळी संपल्यावर घरी जाता येते, आणि वर पगार मिळतो. वसूलवीराला यातले काहीच नाही. डोक्यावर टोपी, पाठीवर सॅक, पोटावर पाउच आणि हातात घामाने मऊ पडलेला नकाशा अशा थाटातला हा चाळिशीचा गृहस्थ चालीवरून ओळखू येतो. बाकीचे लोक पार्कात फिरतात, हा गस्त घालतो. गर्दी टाळण्यासाठी तो शनिवार-रविवार सोडून मुद्दाम मंगळवारी रजा टाकतो. पण हाच धूर्त विचार पुणे, ठाणे, डोंबिवलीतल्या यच्चयावत वसूलवीरांनी केलेला असल्यामुळे मंगळवारी सकाळी खोपोलीला इमॅजिकाच्या दारात त्यांचे स्नेहसंमेलनच भरते. इमॅजिका २०१३ चे. त्याआधीची पिढी एस्सेलवर्ल्डची पहिली बोट पकडायला मार्वेच्या आणि गोराईच्या धक्क्यावर उभी असे, आणि ते पार्क सुरू झाले १९८९ साली. तेव्हा ही जमात आपल्याकडे नवी आहे असे कोणी समजू नये.

या माणसाला लोक चिक्कू म्हणतात. तसा पुरावाही भरपूर सापडतो. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही हे त्याला पाठ असते, म्हणून वाहनतळावरच गाडीची डिकी उघडून प्रत्येकाला चार-चार धपाटे दह्याबरोबर खायला लावले जातात. भूक आहे की नाही हा प्रश्न तिथे गौण. पाण्याच्या विभागात सुती कपडे चालत नाहीत, पण भाड्याचा पोशाख घेणे त्याच्या तत्त्वात बसत नाही, त्यामुळे सासऱ्यांना मेहुण्याची सायकलिंगची चड्डी मिळते. सर्वांत बिकट प्रसंग धाकट्या चिरंजीवांवर येतो. मुलांचे तिकीट अनेक ठिकाणी वयावर नव्हे तर उंचीवर ठरते, आणि मोठ्या राइडला बसायलाही किमान उंची लागते. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच बापाकडून, त्या पोराला तिकीट खिडकीपाशी ‘गुडघ्यात वाक’ असा आणि रोलर कोस्टरच्या पट्टीपाशी ‘टाचा उचल’ असा आदेश मिळतो.

एवढे सगळे मान्य करूनही चिक्कूपणाचा आरोप टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. याच गृहस्थाला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत पाहावे. तिथे तो वेगळाच माणूस असतो. आकाशपाळण्याचे पैसे काढून देतो, टोराटोरात पोरे एकदा बसली की ‘अजून एकदा बसायचंय का रे?’ असे स्वतःहून विचारतो, बायकोला बांगड्या घ्यायला लावतो, आणि पाय दुखू लागले की ‘चला, झालं’ म्हणून मोकळा होतो. खिसा तोच, पगार तोच. फरक फक्त पैसे घेण्याच्या पद्धतीत आहे. जत्रेत प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे, म्हणून प्रत्येक पाळण्यापाशी ‘पुरे’ म्हणायची सोय असते. थीम पार्कमध्ये फाटकावरच सगळे पैसे भरून आत जायचे, आणि मग ‘पुरे’ हा शब्द प्रत्येक वेळी तोट्यातच पडतो. वसूलवीर आईच्या पोटातून येत नाही, तो तिकीट खिडकीतून बाहेर पडतो.

खुद्द डिस्नेलँडचा इतिहास हेच सांगतो. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात ते उघडले तेव्हा फाटकावर नाममात्र प्रवेश फी होती आणि राइडचे पैसे वेगळे. त्याच वर्षी कुपनांची पुस्तिका आली. पुढे ए पासून ई पर्यंत इंग्रजी अक्षरांच्या पाच प्रती झाल्या. साधी घोडागाडी खालच्या कुपनावर, आणि छाती धडधडवणारे ते ‘ई’ वर. त्या ‘ई’चा दबदबा असा की १९८३ साली अंतराळात गेलेल्या सॅली राइडबाईंनी आपल्या उड्डाणाचे वर्णनही त्याच तिकिटाच्या भाषेत केले. त्या काळी वापरायची राहिलेली कुपने घरी ड्रॉवरमध्ये पडून राहत आणि पुढच्या खेपेला कामी येत; दिवस फुकट गेला असे कुणाला वाटायचे कारण नव्हते. १९८२ मध्ये पुस्तिका बंद झाली आणि एकरकमी तिकीट आले. गंमत म्हणजे वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच हा पेच एका गाजलेल्या निबंधात मांडला होता: प्रवेशाचे पैसे भरघोस घेऊन राइड फुकट ठेवाव्यात, की प्रवेश स्वस्त ठेवून प्रत्येक राइडचे पैसे घ्यावेत? निबंध मालकाच्या फायद्याचा होता. गिऱ्हाइकाच्या पायांचे काय होईल, हा त्याचा विषय नव्हता.

पायांचे काय होते ते साध्या गणितात कळते. समजा पार्क आठ तास उघडे आहे. सुटीच्या दिवसांत रांग सरासरी ४० मिनिटांची आणि राइड ३ मिनिटांची धरली, जेवणाला आणि इकडून तिकडे चालायला दीड तास सोडला, तर नऊ राइड होतात. म्हणजे आठ तासांत प्रत्यक्ष राइड २७ मिनिटे. उरलेला बहुतेक वेळ माणूस लोखंडी कठड्यांच्या नागमोडी वाटेत समोरच्याच्या मानेकडे बघत उभा असतो. वसूलवीराला हे गणित येते, म्हणूनच तो आत शिरल्याबरोबर पहिल्या राइडकडे ढुंकूनही न पाहता थेट पार्काच्या दुसऱ्या टोकाला धावत सुटतो, कारण ‘सगळे इथेच अडकतात’. युक्ती खरी आहे आणि ती तासभर चालते. अकराच्या सुमारास ‘अहो, जरा टेकू या ना’ अशी पहिली हाक येते. ‘टेकायचं घरी!’ हे उत्तर तयारच असते. जास्त पैसे भरून रांग चुकवायचे तिकीटही मिळते, पण ते त्याला पटत नाही. पैसे देऊन बसायचे आणि पुन्हा पैसे देऊन लवकर बसायचे, हा त्याच्या मते सभ्य माणसाचा व्यवहार नव्हे. या बाबतीत मी पूर्णपणे त्याच्या बाजूचा आहे.

कोणी म्हणेल, एकरकमी तिकिटामुळे उलट आराम नाही का? दर पाळण्यापाशी पाकीट काढायला नको, पोरांना नकार द्यायला नको. युक्तिवाद चांगला आहे, पण पाकीट आत जात नाही. लॉकर आहे, लॉकरची अनामत आहे, पाण्याची बाटली आहे, राइडवर तोंड वेडेवाकडे झालेल्या क्षणाचा फोटो आहे. आणि नकार द्यायची सोय गेली की बापाकडचे एकमेव हत्यार गेले. जत्रेत ‘सुटे नाहीत’ म्हणून जे टळत असे, ते इथे टळत नाही. घेरी येणाऱ्या बापाला पोराबरोबर उलटे टांगून घ्यावे लागते, कारण फुकट आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. गेलेला पैसा परत येत नाही, मग दमल्यावर निघून जावे, उगाच तडफडण्यात शहाणपण कोणते? या दोषावर संशोधनही झालेले आहे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्क्स आणि ब्लूमर यांच्या अभ्यासात नाटकांच्या हंगामी तिकिटांवर काहींना आधी न सांगता सवलत दिली गेली. पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पूर्वार्धात जास्त नाटकांना हजर राहिले, उत्तरार्धात मात्र तो फरक ओसरला. जेवणानंतरचा वसूलवीर पाहिला की हा उत्तरार्ध पटतो. पण त्याला मूर्ख ठरवायला हा अभ्यास पुरत नाही. बँकेत कर्जाची प्रकरणे तपासणारा किंवा कारखान्याचा ताळेबंद वाचणारा माणूस बुडीत पैशाचा नियम जाणत नाही, असे कसे म्हणावे? तो जाणतो. अडचण अशी की पैसा त्याच्या एकट्याचा नाही. तो घराचा आहे, आणि घराच्या पैशाला लेखापरीक्षण असते. बुधवारी कार्यालयात, संध्याकाळी सोसायटीच्या जिन्यात, रविवारी थोरल्या काकांच्या फोनवर एकच प्रश्न येतो: ‘सगळ्या राइड केल्या का?’ मजा आली का, असे कोणी विचारत नाही. समजा विचारलेच, तरी त्याला पुरावा काय दाखवणार? राइडचा आकडा मात्र ठणठणीत सांगता येतो. दमलेल्या पोरांना घेऊन चार वाजता निघून आलेला बाप तर्कशास्त्रात पास होईल, पण जिन्यात नापास होईल, आणि राहायचे त्याला जिन्यात आहे.

या सगळ्या हिशेबात एकच नोंद जुळत नाही, ती आजींची. त्यांचेही तिकीट काढलेले असते, ज्येष्ठांची सवलत धरून का होईना. त्या एकाही राइडमध्ये बसत नाहीत. सगळ्यांच्या चपला, चष्मे, मोबाईल आणि ओले टॉवेल सांभाळत सावलीतल्या बाकावर बसतात, शेजारच्या बाकावरच्या आजींचे माहेर कुठले ते काढतात, बागेतल्या माळ्याकडून जास्वंदीची फांदी मिळते का बघतात. वसूलवीर दर तासाला येऊन ‘आई, निदान ती झुकझुक गाडी तरी करून ये’ अशी विनवणी करतो. आईंना तिथे काय हवे होते ते मिळालेले असते. मुलगा, सून आणि नातवंडे दिवसभर नजरेच्या टप्प्यात, आणि स्वयंपाक दुसऱ्याचा. पण हे कोणत्या रकान्यात मांडायचे, ते त्याला कळत नाही. तीच आई पुढे अमेरिकेतल्या धाकट्याकडे गेली की ऑर्लँडोत हेच होते, फक्त तिथे दिवस वाढवले की दर दिवसाचा दर उतरत जातो. म्हणून धाकटा वसूलवीर चार दिवसांचे तिकीट काढतो आणि आईला चार दिवस बाकावर बसवतो.

संध्याकाळी परतीच्या वाटेवर आणखी एक खिडकी भेटते. अनेक ठिकाणी वार्षिक पास मिळतो. पोरे खांद्यावर झोपलेली, सासरे चड्डी ओढत चाललेले, बायको मौनात. आणि वसूलवीर खिडकीशी थबकून मोबाईलवर भागाकार करीत असतो. तीन खेपांत पास वसूल होतो, चौथी फुकट. दिवाळी एक, नाताळ दोन, आणि पावसाळ्यात गर्दी नसते म्हणून जुलैचा एखादा मंगळवार तीन.